चोवीस अंशांचा विस्तव

तुर्कस्तानातल्या एर्झुरुमच्या बर्फात दुराक आगांनी कधी कुणाच्या दारी विस्तव मागितला नाही. त्यांचे पुत्र बेकिर यांनी तर तो आळीभर वाटला. बेकिरांचे पुत्र याकूब यांच्यावर मात्र एकदा मागण्याची वेळ आली. वादळात चूल विझली होती आणि पाळण्यातली तान्ही मुलगी निळी पडत चालली होती. शेजारच्या जोहरेबाईंनी शेगडीभर निखारे दिले, आणि वादळ सरेपर्यंत त्या देतच राहिल्या. ते ऋण फेडायचे राहून गेले. ती तान्ही मुलगी म्हणजे मुकर्रम हानिम, अर्थात मुकर्रमबाई.

जुन्या आळीच्या जागी आता इमारत उभी होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावर मुकर्रम हानिमांचे राज्य होते. घर तापवणाऱ्या बॉयलरचे भिंतीवरचे तापमानाचे बटण सून शुक्रान एकवीसवर आणी आणि सासूबाई चोवीसवर नेत.

"आई, अहो घर आहे की हमामखाना?"

"माझ्या घरात स्वेटर घालून चहा पिणारा पाहुणा अजून जन्मायचाय."

"पाहुण्याचं सोडा. वरच्या नाजियेमावशींचा बॉयलर कधी पेटलेला ऐकलाय तुम्ही? त्यांची फरशी आपण तापवतोय, आणि मावशी अनवाणी मिरवतायत!"

मुकर्रम हानिमांच्या भुवया चढल्या. आपला बॉयलर बंद ठेवून शेजाऱ्यांच्या उबेवर हिवाळा काढणारी माणसे या शहरात कमी नाहीत. विचारले, तर आमचे घर मुळातच उबदार म्हणून शपथा घेतात. पण हा प्रकार आपल्याच डोक्यावर चालावा?

"आपला बॉयलर बंद कर पूर्ण. बघू, वर गारठा पडतो का. नाजिये निर्दोष ठरली, तर चोवीस. चोर ठरली, तर तुझं एकवीस. आणि माझा कोट आण."

बाहेर वादळ घोंगावत होते. सासूसुना कोट घालून, तिथल्या रिवाजाप्रमाणे दातांत साखरेचा खडा धरून चहाचे घोट घेत बसल्या.

"नाक लाल झालंय तुमचं, आई."

"ते अभिमानानं झालंय."

दुपारी दारावरची घंटा वाजली. दोन शाली आणि दोन जोडी मोजे चढवून नाजिये उभी होती.

"मुकर्रमताई, तुमचा बॉयलर बिघडला की काय? दुरुस्तीवाल्याला बोलावू?"

"आमचा बिघडलाय, हे तुला वर बसून कसं कळलं गं?"

नाजिये शालीचे टोक चाळवू लागली. शुक्रानने हसू मफलरमध्ये कोंबले.

"हसा, हसा!" नाजिये उसळली. "माझ्या आईनं, जोहरेनं, शेगड्या भरभरून दिल्या, तेव्हा तुमच्या वडलांना विचारलं होतं का, स्वतःची चूल कुठाय म्हणून?"

शुक्रानचे हसू जागीच विरले. मुकर्रम हानिम उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बटण चोवीसवर नेले.

"वादळ सरेपर्यंत. तुझ्या आईनं दिलं तेवढंच."

"ताई, पंचवीस केलं तर?"

"व्याज मागू नकोस, नाजिये. तुझ्या आईनं मागितलं नव्हतं."

वादळ थांबले, त्या सकाळी बर्फावर ऊन पसरले. मुकर्रम हानिमांनी सुनेकडे न पाहता बटण एकवीसवर आणले, कोट चढवला आणि त्या छताकडे कान लावून बसल्या. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग वरून घरघर सुरू झाली. नाजियेचा बॉयलर पेटला होता.

मुकर्रम हानिमांनी दातांत साखरेचा खडा धरला.

"फिटलं, बाबा," त्या दिवंगत वडलांना म्हणाल्या.