ओढ्यावरच्या नळ्या

"आबा, दगडं टाकून पूल व्हतो व्हय? लोकं हसायलेत!" गोकुळ काठावरून ओरडला.

साहेबराव गुडघाभर गाळात उभा होता. लेकाकडं न बघताच तो पुढचा दगड आणायला वळला.

"वाळूजला चला म्हनलं तर चलत नाय. हितं हाय कोन आता तुमचं?"

"तुझी माय हितंच गेली," म्हातारा एवढंच बोलला.

त्यावर गोकुळनं मोटरसायकलला किक मारली न् कंपनीची वाट धरली.

गंगापूरकडच्या काळ्या रानात, ओढ्याच्या अल्याड ही वस्ती, पल्याड गाव. ओढा भरला की गाव तुटायचं. गेल्या भादव्यात साहेबरावच्या बायकोच्या, सरूबाईच्या छातीत कळ आली, तेव्हा दवाखान्याची गाडी पल्याडच्या काठावर दिवे लावून उभी होती आणि अल्याड ही माणसं तिची बाज धरून. पाणी उतरलं तवर सरूबाईचे हात गार पडले होते. तेव्हापासून साहेबराव घरात एकटा. चहा ठेवताना पाणी अजून दोघांचंच पडायचं. उरलेला चहा तो संध्याकाळी गारच प्यायचा.

उन्हाळा लागल्यापासून तो ओढ्यात दगड टाकत होता. वस्तीवरची माणसं आधी हसली, नंतर त्यांनी बघायचंही सोडलं. ते त्याला जास्त लागलं.

शेजारचा हबीब गवंडीकाम करायचा. कामावर निघालेला तो एक दिवस थांबला.

"दादा, पैल्याच पुरात वाहून जाईल हे. पान्याला वाट पायजे. सिमेंटच्या मोठ्या नळ्या टाकाव्या लागतील."

"कुठनं आनू नळ्या?"

"पंचायतीमागं पडल्यात की. आपल्याच पुलासाठी आलत्या. आता त्यांच्यात कुत्री वितात."

खालच्या अंगाला दगडाबाई धुणं धूत होती. तिची सगळी बाळंतपणं सरूबाईनंच केलेली. हातातलं लुगडं तिनं तसंच दगडावर टाकलं.

"आन् आपन निस्तं बघत बसायचं? या वस्तीतल्या किती लेकरांच्या अंगावर पैलं पानी सरूनं घातलं! तिला पल्याड न्यायला मातर आपल्याला आलं नाय. आता तिचा मालक एकटा चिखलात मरायलाय. लाज वाटू द्या रं जरा!"

दुसऱ्या दिवशी वस्तीवरची एकही बाई खुरपायला गेली नाही. सगळ्या पंचायतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. मागं गडी उभे राहिले.

"वरून मंजुरी येऊ द्या," सरपंच म्हणाला.

"पाऊस मंजुरी इचारून येतो व्हय?" दगडाबाईनं विचारलं.

हबीबची बायको जहांआरा कधी चारचौघांत बोलायची नाही. ती पदर सावरून उभी राहिली. "भाऊ, नळ्या आमच्या नावाच्या हायेत. आमी न्यायला आलोत, मागायला नाय."

सरपंचानं मागच्या गर्दीकडं पाहिलं, न् तोंड फिरवून आत गेला. दुपारी वस्तीवरच्या सोमनाथचा ट्रॅक्टर लागला. नळ्या निघाल्या.

मग कामाला जोर चढला. हबीब सूत धरायचा, बाया मुरूम वाहायच्या. नळ्या आल्याचं कळताच रजा टाकून गोकुळ आला आणि बापाच्या हातातली पहार त्यानं घेतली. घमेलं फिरता फिरता सरूबाईच्या गोष्टी निघायच्या. साहेबराव मान खाली घालून ऐकायचा. एवढी माणसं त्याच्याभोवती तिच्यानंतर पहिल्यांदाच होती. काम संपत आलं तसा तो बसवलेले दगड पुन्हा पुन्हा काढून बसवायला लागला.

पाऊस पडला. लाल पाणी फेसाळत आलं न् नळ्यांतून खाली निघून गेलं. सगळी वस्ती काठावर उभी राहून बघत होती. अंधार पडल्यावर जो तो आपल्या घरी गेला.

उघडीप पडल्यावर पुलावरून पहिली गाडी आली ती टेम्पोची. थेट हबीबच्या दारात थांबली.

"आमच्या उजमाचं कॉलेज संभाजीनगरला," हबीब खाली बघत म्हणाला. "रोजचं येनं-जानं पोरीला झेपंना, म्हून तिकडंच ऱ्हायला चाललो. बोलायचं राहूनच गेलं, दादा."

"आरं, मग जावंच लागंल की," साहेबराव म्हणाला न् टेम्पोत चढवायच्या कपाटाला हात लावला.

सामान भरून झालं. जहांआरानं घराला कुलूप घातलं. किल्ली साहेबरावच्या हातात दिली. टेम्पो हेलकावत पूल चढला, पल्याड गेला, बाभळीआड दिसेनासा झाला.

साहेबराव पुलावर गेला. सामानाच्या वजनानं चाकाखालचा मुरूम एका कडंला खचला होता. घरून त्यानं फावडं आणलं आणि एकटाच मुरूम ओढायला लागला. माघारी येताना त्यांची गाडी फसायला नको.