औषधवाल्या काकांचे सहा सेकंद

माझं काम संकलनाचं, म्हणजे चित्रपटाचे तुकडे जोडायचं. आमच्यात एक जुनी सवय आहे. एखाद्या वाक्याला दृश्य मिळालं नाही, की हाताशी असेल ते लावायचं आणि त्यावर 'बदलणे' असं लिहून ठेवायचं. नकली औषधांवरच्या माहितीपटात मी तेच केलं. 'हे खुनी आपल्या शेजारीच राहतात' या वाक्यावर ऑफिससमोरच्या औषधवाल्या काकांचं शटर ओढतानाचं दृश्य लावलं. सहा सेकंदांचं. कॅमेरावाल्याने उजेड तपासायला ते खिडकीतून टिपलं होतं. निर्माते, म्हणजे आमचे साहेब, यांना मी दोनदा आठवण करून दिली. "नंतर बघू," म्हणाले. मग घाईगर्दीत मीही विसरले. चूक माझी, हे आधीच सांगून टाकते.

माहितीपट लागला आणि आठवड्याने काका मुलीला घेऊन ऑफिसात आले. तिने टेबलावर पिशवी ठेवली. गिऱ्हाइकांनी परत आणून टाकलेली औषधं. एकाही बाटलीचं सील तुटलेलं नव्हतं.

"तुमचं नाव घेतलंय का आम्ही?" साहेब म्हणाले. "शेवटी पाटी आहे. साम्य आढळल्यास योगायोग समजावा."

"अहो, चेहरा माझा, दुकान माझं, आणि योगायोग कसला?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, याचीच मला जास्त लाज वाटली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण नकली औषधं खरोखर बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकाचं नाव याच साहेबांनी कापायला लावलं होतं. का, तर त्याच्याकडे वकिलांची फौज! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि वर त्याला सत्य म्हणायचं.

"बरं, चेहरा धूसर करतो," साहेब मेहेरबानी केल्यासारखे म्हणाले.

"म्हणजे पकडलेल्या आरोपीसारखा?" मुलगी ताडकन उठली. "दुकान तर सगळे ओळखतात. बाबांनी काही केलं नाही, एवढं तुमच्या तोंडाने सांगा ना!"

"कोर्टात जा मग."

ती दोघं गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "जुनी फाइल उडवून टाक. ते 'बदलणे' दिसलं, तर आपल्याला माहीत होतं हे सिद्ध होईल."

मी मान डोलावली. फाइलची प्रत काढली, जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि ती मुलीच्या हातात ठेवली. नोकरी त्याच दिवशी गेली. जाऊ दे. कोर्टात साक्षही दिली.

सहा महिन्यांनी माहितीपट उतरवला गेला. साहेबांना जाहीर माफी मागावी लागली. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

परवा खोकल्याचं औषध घ्यायला काकांकडे गेले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी हसून चौकशी केली, बाटली काढली आणि पिशवीत घालण्याआधी माझ्यासमोर धरली. सील दाखवलं, मग बोट ठेवून तारीख दाखवली.

"काका, मला कशाला दाखवताय?"

"सगळ्यांनाच दाखवतो हल्ली," ते म्हणाले. "पूर्वी कुणी विचारायचं नाही. तुम्ही एकदा नीट बघून घ्या, बाई."

मी बघितलं. बघेपर्यंत त्यांनी बाटलीवरचं बोट काढलं नाही.