दारावरचं तोरण

भाताच्या तुसात जपून ठेवलेली अकरा गावठी अंडी.

मोटरसायकलच्या हँडलला दोन पिशव्या. घाट चढताना फुगलेल्या आणि हलक्या, उतरताना जड.

नूडल्सच्या रिकाम्या पाकिटांचं तोरण. लाल, पिवळं, चकचकीत.

शाळेच्या भिंतीवर सेजलच्या उंचीची दुसरीतली रेघ. तिला चिकटूनच तिसरीतली.

भरत महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी तो पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीवर थोरल्या भावाकडे जायचा. पुतणीसाठी, सेजलसाठी, बिस्किटं, वेफर्स, नूडल्स न्यायचा. त्याच पिशव्यांत सेजलची आई, आवडी, नाचणीचं पीठ, कुळीथ आणि अंडी भरून द्यायची. महाडला भरतच्या बायकोने, शर्मिलाने, मुलीचं खाणं डॉक्टरांना विचारून ठरवलं होतं. अक्षदाला सकाळी नाचणीची आंबील, शाळेतून आल्यावर उकडलेलं अंडं. पाकिटातलं काही घरात खायचं नाही, असा नियम होता. ते वाडीवर पाठवण्याबद्दल नियम नव्हता.

कुणी मागितलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नव्हतं. प्रथा अशाच टिकतात.

वाडीत सेजलचा मान वाढला. भाकरी तिला नकोशी झाली. शेजारची पोरं बघतील अशी ओट्यावर बसून ती पाकीट फोडायची, मग ते पुसून तोरणात ओवायची. आपली पोर शहरातल्यासारखी खाते, याचं आवडीला कौतुक होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सेजल शाळेत चक्कर येऊन पडली. आवडी तिला एसटीने महाडला घेऊन आली. शर्मिला दोघींना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासलं. ते फारच कमी होतं. काय काय खातेस, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सेजलने पाकिटांची नावं घडाघडा सांगितली. त्यातलं एकेक शर्मिलाने स्वतः दुकानातून निवडून घेतलेलं होतं.

“आणि अंडं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“अंडी काकूकडं जातात. आमी नाय खात.”

सेजलच्या आवाजात तक्रार नव्हती.

संध्याकाळी शर्मिलाने अक्षदाचं अंडं सेजलच्या ताटात ठेवलं. सेजलने ते उचलून परत अक्षदाच्या ताटात ठेवलं. शर्मिला स्वयंपाकघरात आवडीपाशी गेली आणि म्हणाली, यापुढे अंडी नकोत, नाचणी नको. इथून पाकिटंही येणार नाहीत.

आवडीचा चेहरा उतरला. “आमच्या घरचं आता चालत नाय काय गो तुला?”

“चालतं, ताई. तुमच्याच घरात राहू दे.” शर्मिलाला वर बघवेना. “माझ्या मुलीला जे मी देत नाही, ते तुमच्या मुलीला पाठवत होते. मला कळत होतं.”

आवडीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मलाबी ठावं व्हतं, अंडं चांगलं असतं,” ती म्हणाली. “म्हणून तर तुमाला धाडीत व्हते.”

पुढच्या फेरीला भरत रिकाम्या पिशव्या घेऊन गेला, रिकाम्याच घेऊन आला. सेजल दोन दिवस रडली. तिने भाकरी कोंबड्यांना टाकली. आवडीने तोरण काढलं नाही, पण ती रोज एक अंडं उकडून लेकीसमोर ठेवायला लागली आणि लेक खाईपर्यंत तिथंच बसायला लागली.

दोघी चुलत बहिणी एकाच आठवड्यात, महाडच्या एकाच दवाखान्यात जन्मल्या. जन्मताना सेजलचं वजन अक्षदापेक्षा दोनशे ग्रॅमने जास्त होतं.