मावळल्यावरचा काठ

शिवणकामाच्या कारखान्यात सगळ्याजणी तिला बदक म्हणत. दिवसभर गणवेशांना कॉलर जोडून खांदे भरून आले, तरी सुट्टी झाली की ही तलावावर. घरी जाऊन पाठ टेकायची सोडून पाण्यात हात मारत बसणारी बाई त्यांनी दुसरी पाहिली नव्हती. तिचं वयही आता पन्नाशीला टेकलं होतं.

गेल्या वर्षी तलाव पार करायच्या शर्यतीत तिचे ओठ निळे पडलेले बघून थोरल्या बहिणीने तिला नावेत ओढून घेतलं होतं. पोहणाऱ्याला कुणाचा हात लागला की तो बाद. "पोचले असते मी," एवढंच ती तेव्हा म्हणाली. त्यानंतर दोघींत त्या विषयावर चकार शब्द निघाला नाही.

यंदाही सोबतच्या नावेत थोरलीच होती. वल्ही मारायला नावाडी आणि नियम सांभाळायला पंच. पहाटे निघायचं आणि सूर्य मावळायच्या आत पलीकडच्या काठाला लागायचं, अशी शर्यत.

दुपारपर्यंत ठीक चाललं. मग वारा उलटा फिरला आणि तिचा उजवा खांदा धरला. हात वर उचलला की कळ थेट मानेत जायची. ती कुशीवर वळली आणि एकट्या डाव्या हाताने पाणी कापू लागली. बाकीचे पोहणारे केव्हाच पुढे निघून गेले होते. थोरली लांब दांडीच्या पळीने तिच्या तोंडात पेज ओतत होती. हात लागू नये म्हणून जीव मुठीत धरून.

"बस झालं गं," थोरली शेवटी म्हणाली. "येतेस का वर?"

"तू ओढणार आहेस का?"

थोरलीने दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले. "नाही. तू सांगशील तेव्हाच."

काठावरची झाडं ओळखू येऊ लागली आणि सूर्य डोंगराआड गेला. पंचाने घड्याळ पाहिलं. भला माणूस होता. सांगताना त्याला अवघड झालं.

"बाई, वेळ संपली. आता पोचलात तरी धरता येणार नाही. वर या."

ती पाठीवर उताणी तरंगत राहिली. दमल्यामुळे शब्द फुटायला वेळ लागला.

"म्हणजे आता घाई नाही," ती म्हणाली आणि पुन्हा कुशीवर वळली.

पंचाने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने नावाड्याला सांगितलं, "दादा, हळू घ्या. तिच्या बरोबरीनं."

ती काठाला लागली तेव्हा काठावरचा शर्यतीचा मांडव सोडून लोक घरी गेले होते. चिखलात गुडघे टेकून ती बराच वेळ तशीच बसली. उठायचं त्राण नव्हतं. थोरली पाण्यात उतरली, पण दोन हातांवर थांबली.

"आता लावू का हात?"

"लाव."

थोरलीने तिला काखेत धरून उभं केलं. बदकाला रडू आलं नाही, हसूही नाही. तिला फक्त झोप येत होती. टॉवेल गुंडाळताना थोरली म्हणाली, "गेल्या वर्षी पोचली असतीस तू."

"नसते पोचले," ती म्हणाली. "मेले असते."

मग दोघी एकमेकींच्या आधाराने हळूहळू रस्त्याकडे निघाल्या.