तीनाला एक

आमचा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता आणि त्याच्या जन्माची ठरलेली तारीख पुढच्या मंगळवारी होती. पंचविसाव्या आठवड्यातच येऊन टपकणाऱ्यांचं असंच असतं. नवजात अतिदक्षता विभागातल्या मोठ्या सिस्टरांनी त्याचं नाव 'पावशेर' ठेवलं होतं. तो दोन किलोंच्या वर गेला तरी ते उतरलं नाही.

काल दुपारी पावशेर श्वास घ्यायचा विसरला. डॉक्टर धावत आले, छाती दाबत तीनपर्यंत मोजलं आणि थांबले. नवजात बाळाला तीन दाब, एक श्वास; म्हणजे आता फुगा दाबून हवा द्यायची. फुगा धरलेली सिस्टर मोठ्या मुलांच्या वॉर्डातून नवीनच आलेली. तिकडे पंधरा दाब, दोन श्वास. ती पंधराची वाट बघत राहिली. दोघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, तेवढ्यात पावशेर कंटाळून स्वतःच रडला.

म्हणून आज मीटिंग. विषय : सदर बाळ नवजात धरावं की मोठं? खाटेवरचं सूचनांचं कार्ड पुराव्यासारखं आत नेलं होतं. रिकाम्या चिमट्याकडे बघत मी येरझाऱ्या घालत होतो.

"अरे, बस की जरा. फरशी झिजेल," बायको म्हणाली.

"आणि आत्ता झालं तर? किती मोजायचं?"

"आत्ता काही होत नाही," असं म्हणून ती स्वतःच उठून उभी राहिली.

मीटिंगमध्ये चहाची दुसरी फेरी गेली. दार उघडलं तेव्हा कोणीतरी म्हणत होतं, "मंगळवारपर्यंत नवजात धरू. बुधवारपासून मग—"

तेवढ्यात पावशेरचं यंत्र कोकललं.

नवी सिस्टर धावली आणि खाटेपाशी थबकली. "तीन की पंधरा?"

"आधी हवा दे गं बाई! मोजायचं मग बघू," मोठ्या सिस्टर ओरडल्या आणि तोंडावर मास्क बसवून फुगा दाबू लागल्या. बायकोची नखं माझ्या मनगटात रुतली. पडद्यावर ठोके साठ. साठच. मग नव्वद. मग एकशेचाळीस. छाती दाबावीच लागली नाही.

मोठ्या सिस्टर तडक मीटिंगमध्ये शिरल्या. "त्याचं हृदय ठणठणीत आहे. आळशी आहेत ती फुप्फुसं. मंगळवारी ती काय कामाला लागणार आहेत?"

मोठ्या डॉक्टरांनी चहा बाजूला ठेवला आणि कार्ड लिहिलं : 'आधी श्वास. घरी जाईपर्यंत तीनाला एक.'

दुपारी पाळी बदलली. मी दारातच उभा. येईल त्याला विचारत होतो, "पावशेरला किती?" डॉक्टरांनी सांगितलं. सिस्टरांनी सांगितलं, एकीने जरा रागाने. मग बादली घेऊन मावशी आल्या.

"मावशी, किती?"

"तीनाला एक. तिसऱ्यांदा विचारताय, दादा. मी फरशी पुसते इथे."

"आणि आधी काय?"

"आधी श्वास. आता पाय उचला."

मी एक उचलला. दुसरा दारातून हलेना.