कांचनचं उत्तर

वर्गाचं लक्ष मिळत नसेल तर मास्तरकी करण्यात अर्थ नाही, हे मला भोपाळच्या पहिल्या आठवड्यातच कळलं. लक्ष मिळवायचं कसं, ते मात्र कोणी सांगेना.

ही गोष्ट अठ्ठावन्न सालची. नवं मध्यप्रदेश राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. तोवर राजधानी नागपूर होती; तिथली सरकारी कचेरी उठून भोपाळला आली, तशी तिच्यामागोमाग शाळेतली आम्ही काही माणसंही आलो. आज जिथे तुलसीनगर आहे त्या बाजूला तेव्हा नुसती लाल माती होती आणि अर्धवट उभ्या भिंती. सहावीच्या माझ्या वर्गात बावन्न मुलं. कोणी रीव्याचं, कोणी ग्वाल्हेरचं, कोणी बिलासपूरचं, कोणी इथलंच, आणि दहा-बारा आमची नागपूरची. एकाचं बोलणं दुसऱ्याला धड कळत नव्हतं, माझी नागपुरी हिंदी तर कोणालाच कळत नव्हती. खिडकीबाहेर दिवसभर रोडरोलर फिरायचा. मी भूगोल शिकवायची आणि वर्ग रोडरोलर बघायचा.

छडी आपटून झाली, गोड बोलून झालं, गोष्टी सांगून झाल्या. मी हात टेकले होते.

मग एक दिवस घाईत माझ्या तोंडून गेलं, की नर्मदा बंगालच्या उपसागराला मिळते. मला कळलंही नाही. मागच्या बाकावर गोपीनाथ नावाचा मुलगा होता, त्याचं तोंड तोवर मी नीट पाहिलंही नव्हतं. तो उठून उभा राहिला.

"बहनजी, रुकिए. मेरे नाना होशंगाबाद में घाट के पास रहते हैं. सूरज जिधर डूबता है, नदी उधर ही जाती है."

सगळा वर्ग वळून त्याच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे. रोडरोलर चालूच होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मला लाज वाटायला हवी होती. मला झाला आनंद.

दुसऱ्या दिवसापासून मी नियमच केला. रोजच्या धड्यात मी एक गोष्ट मुद्दाम चुकीची सांगणार. कुठली, ते ओळखायचं. नुसतं चूक म्हणून भागणार नाही, कशावरून चूक ते सांगायचं. आणि सापडेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, नाहीतर ऐकू कसं येणार? पंधरा दिवसांत बावन्न मुलं अशी कान टवकारून बसायला लागली की खडू खाली पडला तर मीच दचकायची. मुलं आदल्या रात्री पुस्तक वाचून यायला लागली, कारण आधी माहीत नसेल तर चूक सापडणार कशी! एवढी साधी अक्कल मला नऊ वर्षं शिकवूनही सुचली नव्हती.

मुख्याध्यापिका सुमित्राबाई ग्वाल्हेरच्या. बाई प्रामाणिक, पण नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"रत्नप्रभाबाई, तुमच्या वर्गात पोरं शिक्षकाला मध्येच थांबवतात म्हणे."

"हो. चूक असेल तर."

"शिक्षकाने चुकायचं नसतं. आणि चुकलं तर पोरांनी दाखवायचं नसतं. पुढच्या सोमवारी इन्स्पेक्टर साहेब येताहेत. त्यांच्या शेऱ्यावर तुमची नोकरी कायम व्हायची आहे, एवढं लक्षात ठेवा. त्या दिवशी हा तमाशा नको."

लक्षात ठेवायला मला सांगावं लागत नव्हतं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. आई माझ्याजवळ. आम्हाला मिळालेली एक खोली आणि पुढचं अंगण नोकरीवरच होतं. नोकरी गेली की परत नागपूरला भावाच्या दारात, आणि भावजयीच्या कपाळावरच्या आठ्या मोजत बसायचं. मी घाबरले. खोटं कशाला सांगू, चांगलीच घाबरले. सोमवारी वर्गात गेल्या गेल्या मुलांना सांगितलं, आज मी एकही चूक करणार नाही, शांत बसायचं. मुलांचे चेहरे पडले.

इन्स्पेक्टर नीळकंठराव आमच्याच नागपूरचे, धरमपेठेतले. वर्गात आले, मागे खुर्ची टाकून बसले. मी वीस मिनिटं अगदी बरोबर शिकवलं. मुलं अगदी शांत बसली आणि अर्ध्याअधिक जणांनी रोडरोलर पाहिला. साहेब खूश झाले.

"छान शिस्त आहे," असं म्हणून ते स्वतः फळ्याकडे आले. "अब हम बताएँगे. हमारा नया मध्यप्रदेश. देश के सबसे बड़े राज्यों में एक. और इसकी राजधानी, नागपुर…"

त्यांची तेवीस वर्षांची सवय ती. आम्हा सगळ्यांचीच जीभ तशी वळायची. मीच घरी पत्रावर पत्ता लिहिताना चारदा चुकले होते. त्यांना कळलंही नाही, ते पुढे बोलत राहिले. पण वर्गातली बावन्न डोकी एकदम वर आली. मुलांना वाटलं, आज बहनजींच्या ऐवजी साहेबांची पाळी आहे! किती कौतुकाने बघत होती ती त्यांच्याकडे.

पहिल्या बाकावरची कांचन उठली. नागपूरची, बाप सचिवालयात टंकलेखक.

"सर, रुकिए. राजधानी भोपाल है."

साहेब थबकले. आता निदान कारण तरी विचारू नये, असं मी मनात म्हणत होते. पण नियम तो नियम, कारण तिने न विचारताच सांगितलं.

"नागपुर होती, तो हम यहाँ क्यों आते? मेरी आजी तो वहीं रह गई."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. गोपीनाथने मागून विचारलं, "सर, आप कल भी आएँगे?"

साहेबांचे कान लाल झाले. ते तडक बाहेर गेले.

ऑफिसात सुमित्राबाई उभ्या आणि साहेब बसलेले. समोर शेरेबुक उघडं होतं.

"पोरीला बोलवा," साहेब म्हणाले. "माफी मागू दे. विषय संपला. तेवीस वर्षं तेच शिकवत आलो बाई, जिभेवर येतं. पण म्हणून भर वर्गात एवढ्याशा पोरीने…"

मला त्यांची दया आली, खरंच आली. घर त्यांचंही सुटलं होतं. पण कांचन दारात येऊन उभी होती, फ्रॉकचं टोक मुठीत धरून. तिचे ओठ हलायला लागले होते. ती माफी मागणार होती. एकदा मागितली असती, तर तिने जन्मात पुन्हा हात वर केला नसता, आणि तिला पाहून बाकीच्या एक्कावन्न जणांनीही नाही.

"कांचन, वर्गात जा," मी म्हणाले.

"बाई!" सुमित्राबाई ओरडल्या.

"ती माफी मागणार नाही. तिने ऐकलं, समजून घेतलं, विचार केला आणि बरोबर उत्तर दिलं. याची माफी मागायला लावायची, तर शाळा कशाला उघडली?"

"तुमची नोकरी अजून कच्ची आहे," साहेब म्हणाले.

"माहीत आहे मला. पहिली वीस मिनिटं मी त्याच भीतीने शिकवत होते, आणि मुलं खिडकीबाहेर बघत होती. तुम्ही त्याला शिस्त म्हणालात. तुम्ही चुकलात तेव्हा मात्र एक मान खिडकीकडे नव्हती, साहेब."

साहेबांनी शेरेबुक पुढे ओढलं. लिहिलं: 'वर्गात शिस्त नाही. मुलांचे अध्यापनाकडे लक्ष नाही.' आणि वही माझ्याकडे सरकवली. शेऱ्याखाली शिक्षकाने 'वाचले' असं लिहून सही करायची पद्धत होती. मी लिहिलं, 'वाचले. मुलीचे उत्तर बरोबर होते.' आणि सही केली.

त्या चार शब्दांपायी मी पुढची चार वर्षं कच्चीच राहिले. दर मार्चमध्ये खोली जाते की राहते म्हणून आई देव पाण्यात घालून बसायची, आणि मी चिडचिड करायची. तिसऱ्या वर्षी सुमित्राबाईंनी मला बोलावलं. स्वतः उठून दार लोटलं. शेरेबुक काढून ते पान उघडलं आणि दौत-टाक पुढे ठेवला.

"वर बोलणं झालंय माझं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. खरोखर माझ्या भल्यासाठीच सांगत होत्या. "तेवढं वाक्य खोडा. 'वाचले' राहू दे. या महिन्यात हुकूम निघेल."

मी वही ओढून घेतली. शाई बरीच फिकी झाली होती, शब्द जेमतेम वाचता येत होते. मी टाक दौतीत बुडवला आणि एकेक अक्षर गिरवून ते वाक्य पुन्हा ठळक केलं.