तीन नळ्यांचा डबा

व्हॅन तिची होती आणि इंजिन दिराने बसवलेलं. घरात वाद पेटायला एवढं पुरेसं होतं.

ती रोपवाटिका चालवायची. रोपं, कुंड्या, खताची पोती पोचवायला तिच्याकडे एक जुनी व्हॅन होती. तिचं मूळचं इंजिन धूर ओकायला लागलं, तेव्हा धाकट्या दिराने अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन आणून तिच्यात बसवलं. दिराने नुकतंच स्वतःचं गॅरेज काढलं होतं आणि हे त्याचं पहिलंच मोठं काम. गाडी ताब्यात देताना त्याने तिला खाली वाकून एक काळा डबा दाखवला होता.

“वहिनी, नव्या इंजिनाला हा लागतोच. आत कोळसा असतो. टाकीतली पेट्रोलची वाफ यात साठते, मग इंजिन ती ओढून घेऊन जाळतं. तपासणीला हा डबा दिसला नाही तर गाडी पास होत नाही.”

“जोडलाय ना नीट?”

“म्हणजे काय!”

गाडी पास झाली, पळायलाही लागली. येईल-जाईल त्याला ती दिराचं कौतुक सांगायची. मग ऊन वाढलं आणि वास यायला लागला.

व्हॅन स्वयंपाकघराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. मागचं दार उघडलं की पेट्रोलचा भपकारा थेट आत. चहाला पेट्रोल, टॉवेलला पेट्रोल. शिवाय दोन-तीन दिवस गाडी हलवली नाही, तरी टाकीचा काटा खाली आलेला दिसायचा.

“अहो, गाडीतून कुणीतरी पेट्रोल काढतंय,” ती नवऱ्याला म्हणाली.

“कोण काढणार? शेडला कुलूप असतं.”

“कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?”

नवऱ्याने दाढी अर्धवट ठेवून आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. “माझा भाऊ चोर आहे, असं म्हणायचंय तुला?”

“मी नाव घेतलं का कुणाचं?”

“नाव सोडून बाकी सगळं घेतलंस.”

पण तिच्या मनातून ते जाईना. कुठेतरी पाणी मुरत होतं. ती डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवू लागली. शेडच्या दारात तिने चाळलेली माती पसरली, म्हणजे पाऊल उमटेल. सकाळी पावलं उमटली होती, पण मांजराची. दीर जेवायला आला की ती त्याच्या हातांचा वास घ्यायचा प्रयत्न करायची. गॅरेजवाल्याच्या हातांना पेट्रोलचाच वास येणार, हे लक्षात आल्यावर तिने तोही नाद सोडला आणि टाकीला किल्लीचं नवं घट्ट झाकण आणून बसवलं.

दिराच्या ते लगेच नजरेस पडलं.

“वहिनी, हे झाकण कशाला?”

“का? तुमची काही अडचण होते का?”

“माझी कसली अडचण? पण जुनंच राहू द्या. जुनं बरं होतं.” का बरं होतं, ते मात्र तो सांगेना. चेहरा तेवढा उतरला. चोराच्या मनात चांदणं, ती मनाशी म्हणाली, आणि किल्ली पदरात बांधावी तशी जपून ठेवली.

त्याच आठवड्यात, भर दुपारी लांबून रोपं टाकून परतताना ती पेट्रोल पंपावर थांबली. किल्ली फिरवली आणि फुस्सकन आवाज झाला. झाकण हातातून उडालं, पेट्रोलचे शिंतोडे तिच्या बाहीवर आले. पंपावरच्या माणसाने नळी जागेवर टाकली आणि तिला दंडाला धरून मागे ओढलं.

“बाई, मरायचंय का? टाकीला श्वास घ्यायला कुठे जागाच नाहीये. वाफ जाईल कुठे?”

“त्यासाठी डबा बसवलाय की!”

“मग तो जोडलाय का, ते बघा.”

घरी येऊन, बाही धुऊन, ती पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरली. काळा डबा जागेवर होता. तारेने छान आवळलेला. त्याला तीन तोंडं होती आणि तिन्हींवर प्लॅस्टिकची टोपणं लावलेली होती. एका टोपणाला कोळ्याचं जाळं. टाकीतून निघालेल्या वाफेच्या नळीच्या तोंडात एक बोल्ट ठोकून बसवलेला.

ती तशीच दिराच्या गॅरेजवर गेली. तिथे गिऱ्हाईक होतं, म्हणून एका टायरवर बसून राहिली. ते गेल्यावर म्हणाली, “भाऊजी, डबा शोभेचा आहे का?”

तो बराच वेळ हात पुसत राहिला.

“जोडला होता मी. थेट इंजिनाला. तर ते धापा टाकायला लागलं, सिग्नलला बंद पडायचं. मधे एक झडप लागते, आणि ती कधी उघडायची ते इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. त्या झडपेची वायर मला सापडेना. मग नळी बोल्टने बंद केली, डब्याला परत टोपणं लावली. म्हटलं, जुन्या झाकणातून वाफ जातेच बाहेर, चालेल.”

“आणि मी ‘जोडलाय ना?’ विचारलं तर म्हणालात, ‘म्हणजे काय!’”

“पहिलं काम, तेही घरचं. ते अर्धवट राहिलं असं कुठल्या तोंडाने सांगू?”

“मग पेट्रोल कमी व्हायचं ते?”

“उडून जायचं. या इंजिनाकडे जास्तच पेट्रोल जातं, आणि उरलेलं गरम होऊन टाकीत परत येतं. त्यात तुमची पत्र्याची शेड.” त्याने फडकं बाजूला ठेवलं. “तुम्हाला काय वाटलं होतं? मी काढतोय?”

“हो.”

“म्हणून झाकणाला कुलूप?”

“म्हणून कुलूप.”

माफी दोघांपैकी कुणीच मागितली नाही. “हे इंजिन ज्या गाडीचं, त्याच जातीची धड गाडी भंगारवाल्याकडे बघायला मिळेल का?” एवढंच तिने विचारलं.

मिळाली. मागून ठोकलेली, पण पुढचं सगळं शाबूत. दीर बॉनेटमध्ये वाकला, ती टॉर्च धरून उभी राहिली. रोपांना बांधायच्या रंगीत पट्ट्या तिने पिशवीतून काढल्या आणि एकेक नळी शोधून गाठ मारत गेली. हिरवी टाकीकडची, लाल झडपेतून इंजिनाकडे जाणारी, पांढरी बाहेरची हवा घेणारी. झडपेला जाणाऱ्या वायरीचा रंग दिराने मोठ्याने वाचला आणि कपाळावर हात मारला. तिच्या व्हॅनमध्ये ती वायर त्याने स्वतःच चिकटपट्टीत गुंडाळून ठेवली होती, नको असलेल्या वायरींबरोबर.

परत आल्यावर बोल्ट निघाला, डबा जोडला, झडपेला वायर मिळाली. इंजिन धापा न टाकता चाललं. तरी ती म्हणाली, “गळत नाही हे कशावरून?”

दिराने ओळखीच्या गॅरेजमधून धुराचं यंत्र आणलं आणि नळीतून हलकासा धूर सोडला. दिराने जोडलेल्या नळ्यांच्या सांध्यांवर ती नजर रोखून बसली. तिथे काही नाही. धूर निघाला तो पेट्रोल भरायच्या तोंडाशी असलेल्या चिरलेल्या रबरातून.

“हे माझं नव्हे, वहिनी,” दीर म्हणाला. “हे गाडीबरोबरच आलेलं.”

“बदला,” ती म्हणाली.

रबर बदललं. वास गेला. पण संशयाला औषध नसतं. पुढे कितीतरी दिवस ती चहा टाकायच्या आधी शेडमध्ये जाऊन नाक फेंदारून उभी राहायची. नवरा हसायचा, ती लक्ष द्यायची नाही.

काही महिन्यांनी दिराकडे कुणाची तरी दुसरी गाडी आली, इंजिन बदलायला. काम संपल्यावर त्याने तिला फोन केला. “वहिनी, गिऱ्हाईक यायच्या आधी एकदा नजर टाकता का?”

ती हातातली खुरपी टाकून गेली. पुठ्ठा त्याने अंथरूनच ठेवला होता. ती त्या अनोळखी गाडीखाली शिरली आणि एकेक नळी बोटांनी चाचपत गेली.

“ही नळी कुठे जाते?” शेवटी खालून आवाज आला.

“वर. झडपेकडे.”

“दाखवा.”

दिराने टॉर्च पेटवला आणि तोही पुठ्ठ्यावर तिच्या शेजारी आडवा झाला.